स्वयंपाकघरातले दुसरे दोघे

ओस्टमूरच्या मोनने आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून केल्या होत्या. एक, विटलोफ पिकवला, आणि दुसरी, बावोशी लग्न केलं. दोन्ही अंधारातच जमल्या, असं बावो भेटेल त्याला सांगायचा आणि मोनचे कान लाल व्हायचे. विटलोफ ही पांढरी, कडवट भाजी. ती अंधारातच वाढते. उजेड लागला की हिरवी पडते, मग तोंडात धरवत नाही. आणि बावोशी मोनची गाठ पडली ती गावच्या बँडच्या वार्षिक जेवणात, ऐन रंगात वीज गेली तेव्हा.

या गोष्टीला तेरा वर्षं झाली होती. बावो शाळेत संगीत शिकवायचा, बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा आणि दिवसभर बोलायचा. मोन दिवसातून साधारण वीस वाक्यं बोलायचा, त्यांतली बारा कुत्र्याशी. कुत्रा गेल्यावर ती बाराही बंद झाली.

बावोला मूल हवं होतं. जगात नवं आणायचं म्हणून नव्हे. ज्यांना आपल्या घरी राहता येत नाही अशी मुलं सांभाळायला देणारी एक संस्था होती, तिची पत्रकं तो चार वर्षांपूर्वी घेऊन आला होता. मोनने ती नीट वाचली, घडी घातली आणि म्हणाला, "विटलोफ काढून होऊ दे, मग बघू." आता विटलोफ काढायचा हंगाम ऑक्टोबरला सुरू होतो तो एप्रिलला संपतो, आणि मे महिन्यात पुढची पेरणी असते. हे बावोलाही कळत होतं. तरी चार वर्षं ते घोंगडं भिजत पडलं.

अशात छप्पर गळायला लागलं, आणि त्याच आठवड्यात विविना नावाची सिनेमा-दिग्दर्शिका दारात उभी राहिली. तिला घर हवं होतं, सहा आठवड्यांसाठी. सिनेमा प्रेमाचा होता, थोडा हसवणारा, थोडा रडवणारा. दोन पुरुषांचा संसार, आणि त्यांनी मूल आणावं की नाही हा पेच.

"शेवटी आणतात का?" बावोने विचारलं.

"ते अजून ठरलेलं नाही," विविना म्हणाली. "घर मिळालं की घरच सांगेल."

बावोने तिथल्या तिथे सही केली. मोन तेव्हा विटलोफच्या अंधाऱ्या शेडमध्ये होता.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी चार ट्रक आले. मोन आणि बावो यांची रवानगी अंगणात उभ्या केलेल्या एका चाकांवरच्या खोलीत झाली. तिच्यात एकाने उभं राहायचं तर दुसऱ्याला बसावं लागे. घर सजवणारी बाई आत गेली, सगळ्या खोल्या फिरली आणि तोंड कडू करून बाहेर आली.

"हे दोन पुरुषांचं घर वाटत नाही," ती म्हणाली.

"दोन पुरुषच राहतात," मोन म्हणाला.

"हो, पण वाटत नाही ना."

तिने स्वयंपाकघर निळं रंगवलं. कोठीची भिंत पाडून तिथे पडदा लावला आणि पडद्यामागे कॅमेरा ठेवला. तांब्याची भांडी टांगली, माशांची काचपेटी आणली, आणि लग्नाच्या फोटोतून मोन-बावोला काढून तिथे दोन नटांना बसवलं. टपाल ठेवायच्या फळीवरची खरी पत्रं तिने एका खोक्यात भरली, आणि सुबक दिसतील तेवढी दोन-चार चुंबक लावून फ्रिजवर चिकटवली. कुठली पत्रं आहेत ते वाचायचं तिचं काम नव्हतं.

नट दोघे. मोनसारखं काम करणारा मौरिट्स, बावोसारखं काम करणारा टिबो. टिबो हसरा, सरळ मनाचा माणूस होता. काम झालं की घरी फोन करून जेवायला काय केलंय ते विचारायचा. मौरिट्सची गोष्ट वेगळी. तो म्हणे भूमिकेत शिरायचा. पहिल्या आठवड्यात तो मोनच्या मागोमाग शेडमध्ये आला आणि अंधारात तासभर गप्प बसून राहिला. दुसऱ्या आठवड्यात त्याने मोनचं जुनं जाकीट मागून घेतलं. तिसऱ्या आठवड्यात मोन बेकरीत गेला तर मालकीणबाई म्हणाल्या, "तुझा मनुक्यांचा पाव तू मघाशीच नेलास की."

"मी नाही नेला."

"मग त्या नटाने नेला असेल. पण काय हुबेहूब रे! आत आला, बोट दाखवलं, शुभ सकाळसुद्धा म्हणाला नाही."

मोन घरी आला. घरी म्हणजे त्या चाकांवरच्या खोलीत. बावोला हे सांगितलं तर तो हसून हसून पलंगावरून खाली पडला. अर्थात तिथे पडायलाही जागा नव्हती, तो दारातून थेट अंगणात गेला.

मग गुरुवार आला. दर गुरुवारी मोनची आई गोडेलीव्ह सायकलवरून सूप घेऊन यायची. वय एकोणऐंशी, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि चष्मा फक्त पत्ते खेळताना. सिनेमाबिनेमा तिला सांगितला होता, पण तिने तो लक्षात ठेवला नव्हता. ती मागच्या दाराने आत शिरली तेव्हा मौरिट्स मोनचं जाकीट घालून पाठमोरा भांडी घासत होता आणि कॅमेरा चालू होता.

"मोन," तिने सूप टेबलावर ठेवलं. "वळू नकोस, तू वळलास की मला बोलता येत नाही. तुझा बाप गेल्यापासून तू तोंडाला कुलूप घातलंयस. बावोला मूल हवंय. त्याने मला सांगितलं, तू नाही सांगितलंस. चार वर्षं तू त्या पाल्याच्या आड लपतोयस. मी काही अमर नाही. फार तर अजून चार वर्षं धरते मी. त्यातली दोन तरी मला कुणालातरी लाडावून ठेवायची आहेत. झालं. सूप गरम करून घे, उकळू नको."

मौरिट्स वळला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने साबणाच्या हातांनी म्हातारीला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

गोडेलीव्ह अगदी हरखून बाहेर आली. अंगणात मोन खोकी उचलत होता.

"अगं बाई, तू इथे? मग आत कोण होतं?"

"नट."

"तरीच," म्हातारी म्हणाली. "म्हटलं, हा एवढा मायाळू कधी झाला."

विविनाला हा प्रसंग इतका आवडला की तिने तो सिनेमात ठेवला. पण म्हातारीने 'मोन' म्हणून हाक मारली होती. मग सिनेमातल्या माणसाचं नाव बदलून मोन ठेवावं लागलं, आणि त्याच्या जोडीदाराचं बावो. आधीचे सगळे संवाद पुन्हा चित्रित झाले. शिवाय विविनाला चटक लागली. नटांना आगाऊ काही न सांगता ती कुणालाही आत सोडू लागली, म्हणजे मग ते 'खरं' वागतील. एकदा टपालवाला पाठवला, एकदा पाद्री, एकदा शेजारची मेंढी. नटांना ताकीद होती की समोर कुणीही येवो, विविना 'कट' म्हणेपर्यंत प्रसंग मोडायचा नाही. मेंढीसमोर टिबो अकरा मिनिटं संसारातल्या एकटेपणावर बोलत होता.

गोडेलीव्ह आता गुरुवारची वाट बघेना. रोज यायची, आणि मौरिट्सकडे जायची.

"आई, तो मी नाही," मोन म्हणाला.

"माहीत आहे मला. पण तो ऐकतो तरी."

सिनेमाचा शेवट काय करावा हे विविनाचं अजून ठरत नव्हतं. ती येईल-जाईल त्याला विचारायची, त्यामुळे गावाला एक कामच मिळालं. बेकरीत, चर्चच्या पायऱ्यांवर, बँडच्या तालमीत लोक मोन आणि बावोने मूल आणावं की नाही यावर तावातावाने बोलू लागले. बोलणारे सिनेमातल्या जोडप्याबद्दल बोलत होते, पण बोलता बोलता मोनकडे बघत होते. ढोल वाजवणारा ओमेर तर सरळच म्हणाला, "बावोला द्यावं, मोनला देऊ नये," आणि मग मोनच्या खांद्यावर थाप मारून, "तू नव्हे रे, तो दुसरा."

एका दुपारी मोन खोलीत आला तर बावो पलंगावर सिनेमाचे कागद वाचत बसला होता. आज तो हसत नव्हता.

"हे ऐक," तो म्हणाला. "'विटलोफ काढून होऊ दे, मग बघू.' छापलंय इथे. पान एकेचाळीस."

"मौरिट्सने ऐकलं असेल."

"ऐकलं असेल. पण वाचताना मला पहिल्यांदा कळलं, किती वाईट वाक्य आहे ते. मोन, मी चाळीसचा झालो. तू 'मग' म्हणतोस, मला 'नाही' ऐकू येतं. नाही असेल तर नाही म्हण. मी काही पळून जात नाही, इथेच राहीन. फक्त वाट बघणं बंद करीन. वाट बघून बघून माझी मान दुखायला लागलीय."

मोनने तोंड उघडलं. त्याला सांगायचं होतं, खरंच होतं. पण बाहेर कुणीतरी भोंग्यावर "शांतता!" असं ओरडलं. बाहेर ओरडलेली शांतता दोघांनाही लागू होती, कारण त्या खोलीच्या पत्र्यातून आवाज जायचा. दोघे गप्प बसले. प्रसंग संपेपर्यंत चाळीस मिनिटं गेली, आणि तोवर बावोची शाळेची वेळ झाली.

आता एक गोष्ट मोनला माहीत नव्हती. बावोने ऑक्टोबरात, एका रुसलेल्या संध्याकाळी, त्या संस्थेकडे दोघांच्या नावाने अर्ज टाकला होता. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि मोनला सांगायचं राहून गेलं. संस्थेचं उत्तर जानेवारीत आलं होतं: अमुक तारखेला दुपारी दोन वाजता आमच्या प्रतिनिधी घर बघायला आणि बोलायला येतील. ते पत्र बावोच्या हाती पडलंच नाही. ते फ्रिजवर होतं, डाव्या बाजूला, तिसरं. त्याचा कागद फिकट हिरवा होता आणि निळ्या भिंतीपुढे तो छान दिसत होता.

तर त्या तारखेला, दुपारी दोन वाजता, डेकोनिंक बाई आल्या. साठीच्या जवळ आलेल्या, आखूड केसांच्या, हातात फाइल आणि पायात पावसाळी बूट. अंगणात तारांचं जाळं पसरलं होतं, ते ओलांडत त्या मागच्या दाराशी गेल्या. तिथल्या पोरीने विचारलं, "तुम्हाला आत जायचंय का?" बाई म्हणाल्या, "हो, दोनची वेळ दिली आहे." पोरीने कानातल्या यंत्रात विविनाला सांगितलं, एक बाई आल्यात. विविनाला वाटलं तिच्या सहायकाने कुणीतरी पाठवलंय. ती म्हणाली, "सोड."

विविना या वेळी मोनच्या शेडमध्ये बसली होती. सिनेमावाल्यांना चित्र बघायचा पडदा ठेवायला अंधार हवा होता, आणि अख्ख्या ओस्टमूरमध्ये त्याच्यासारखा अंधार नव्हता. पडद्याच्या उजेडाने विटलोफच्या दोन रांगा हिरव्या पडल्या तेव्हापासून मोन तिथे पहारा देत बसे. पडद्यावर घोंगडी टाकून तिच्या आत तो आणि विविना डोकी घालून बसायचे, दोघांच्या कानात आवाज ऐकायचं एकेक यंत्र. बाहेरून बघणाऱ्याला ते वाफारा घेतायत असं वाटे.

पडद्यावर मोनचं निळं स्वयंपाकघर दिसत होतं. बाई खुर्चीत बसल्या.

"तुम्ही मोन आणि बावो?"

"हो," मौरिट्स आणि टिबो म्हणाले.

"मी डेकोनिंक. तुमचा अर्ज वाचला. तुम्हाला मूल सांभाळायला घ्यायचंय. काही प्रश्न विचारीन, घाबरू नका."

घोंगडीत विविनाने मोनचा दंड धरला. "ही कोण आहे? काय काम करते बघ! एकही भाव नाही चेहऱ्यावर. कुठून आणली हिला?"

मोन पडद्याकडे आणखी झुकला. त्याने ते हिरवं पत्र बाईंच्या हातात बघितलं. त्या पत्राचा जुळा भाऊ बाईंच्या मागे फ्रिजवर होता. मोन फार हुशार नसला तरी मंद नव्हता.

"घरात राग आला की काय होतं?" बाईंनी विचारलं.

"मी अंधारात जाऊन बसतो," मौरिट्स म्हणाला.

"मी ट्रम्पेट वाजवतो," टिबो म्हणाला. "त्यामुळे तो आणखी वेळ अंधारात बसतो."

बाईंनी लिहून घेतलं. मोनला कबूल करावं लागलं, हे बरोबर होतं.

"मूल कशासाठी हवंय?"

टिबोने खिडकीबाहेर बघितलं. डोळे पुसले. "घरात लहान पावलांचा आवाज नसला की," तो म्हणाला, "घर म्हणजे नुसती भिंतींची बेरीज."

"बावो असलं काही मेला तरी बोलणार नाही," मोन पुटपुटला. "बावो म्हणेल, मला कुणालातरी सायकल शिकवायचीय."

"श्श!" विविना म्हणाली.

"आणि तुम्ही, मोन," बाई म्हणाल्या. "बावोंनी अर्जात लिहिलंय की तुम्ही चार वर्षं तयार नव्हता. का?"

मौरिट्सने खुर्ची पुढे ओढली. तळहात टेबलावर पालथे ठेवले. एक अश्रू गालावरून इतक्या सावकाश उतरला की विविनाने श्वास रोखला.

"माझे वडील," मौरिट्स म्हणाला, "फार कठोर होते. हात उगारायचे. मला भीती वाटते, मीही त्यांच्यासारखाच होईन."

घोंगडी उडाली.

मोनचा बाप ओस्टमूरमधला सगळ्यात मवाळ माणूस होता. आजारी कोंबडीची पिल्लं तो टोपीत घालून फिरायचा आणि ती डोक्यावर शिटली तरी टोपी काढायचा नाही, पिल्लू जागं होईल म्हणून. मोन शेडमधून निघाला तो तारा तुडवत, एक दिवा आडवा करत, चिखलाच्या बुटांनी थेट स्वयंपाकघरात.

"थांबा," तो म्हणाला. "माझ्या बापाने मला कधी बोट लावलं नाही. हा माणूस खोटं बोलतोय."

बाईंनी फाइलवरून नजर वर केली. "तुम्ही कोण?"

"मोन."

"मोन हे आहेत."

"तो मौरिट्स. जाकीट माझं आहे."

"आणि बावो?"

"मी," मागच्या दारातून आवाज आला. बावो शाळेतून नुकताच आला होता. उजव्या पायाच्या पँटला सायकलचा चिमटा तसाच होता. त्याने बाईंच्या हातातल्या पत्रावर संस्थेचं नाव वाचलं आणि त्याचा चेहरा त्या पत्राच्याच रंगाचा झाला. "मोन, मी सांगणार होतो. ऑक्टोबरपासून सांगणार होतो."

बाईंनी टिबोकडे बघितलं. "मग तुम्ही मघाशी रडलात ते?"

"पगारी, बाई," टिबो म्हणाला. "माफ करा. पण मनापासून पगारी."

"ते दिवे, ती पडद्यामागची माणसं?"

"सिनेमा आहे," मोन म्हणाला. "तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं," डेकोनिंक बाई म्हणाल्या. "पण मी रोज तीन घरं बघते. मला वाटलं, हल्ली लोक असे राहत असतील."

विविनाने 'कट' म्हटलं नव्हतं, त्यामुळे मौरिट्स आणि टिबोला उठता येत नव्हतं. ते खालमानेने बसून राहिले. बाईंनी लिहिलेलं पान फाडलं, नवं काढलं, पेन झटकलं.

"पहिल्यापासून," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघे बसा. खुर्च्या नसतील तर उभे राहा. चार वर्षं का, मोन? आता तुम्ही सांगा."

मोन उभाच राहिला. हातांचं काय करावं ते त्याला कळेना, म्हणून त्याने टांगलेलं एक तांब्याचं भांडं काढून हातात धरलं. ते पुठ्ठ्याचं निघालं.

"बावो सगळ्यांना आवडतो," तो म्हणाला. "मुलांना तर फारच. शाळेतून सुटली की त्याच्यामागे धावतात. आमच्याकडे मूल आलं तर ते त्याच्यावर जीव टाकेल. बरोबरच आहे. मीही टाकतो. पण मग ते दोघे हसतील, आणि मी तिथे भाजी साफ करत असेन. आता आम्ही दोघे आहोत. दोघांत मी निदान दुसरा तरी आहे. तिघांत मी तिसरा होईन." त्याने पुठ्ठ्याचं भांडं उलटसुलट केलं. "एवढंच. सांगायला लाज वाटते. चव्वेचाळीसचा माणूस आहे मी."

आजवरच्या आयुष्यात मोन एका दमात इतका बोलला नव्हता. बावोने सायकलचा चिमटा काढला, पुन्हा लावला.

"गाढवा," तो म्हणाला. आवाज भलतीकडेच गेला. "हे मला सांगितलं असतंस तर मी कमी गमत्या झालो असतो."

"नको होऊस," मोन म्हणाला. "मग राहिलं काय तुझ्यात?"

टिबोला हसू आलं. ते दाबताना त्याला ठसका लागला आणि मौरिट्सने त्याच्या पाठीवर थोपटलं.

"म्हणजे तुमचं उत्तर नाही?" बाईंनी विचारलं.

मोनने विचार केला. सहा आठवडे दुसरा एक माणूस त्याचं जाकीट घालून, त्याचा पाव खाऊन, त्याच्या आईच्या गळ्यात पडून त्याच्या घरात वावरत होता. त्याला वाईट वाटलं होतं, राग आला होता, एकदा तो विटलोफसमोर रडलाही होता. पण मेला नव्हता.

"मला भीती वाटते," तो म्हणाला. "पण हो."

मग बाईंनी बाकीचे सत्तावीस प्रश्न विचारले. खऱ्या दोघांची उत्तरं वाईट होती. एकमेकांचं बोलणं तोडत होते, तारखा चुकत होत्या, राग आल्यावर काय होतं या प्रश्नावर तिथेच भांडण झालं. निघताना बाई दारात थांबल्या.

"उत्तरं त्या दोघांचीच सरस होती," त्या म्हणाल्या. "पण पत्ता तुमचा आहे."

विविनाने हे सगळं चित्रित केलं होतं आणि ती सिनेमात घालणारच होती. पुढल्या वर्षी गावच्या सभागृहात सिनेमा दाखवला तेव्हा मोन भांडं हातात धरून उभा असलेला दिसला. शेजारचा कुणीतरी माणूस दाराशी येऊन मनातलं बोलून जातो, असं त्या प्रसंगाला वळण दिलं होतं. नामावलीत त्याच्यापुढे 'शेजारी' असं लिहिलं होतं. बावोचा तर नुसता चिमटा दिसला. सिनेमातल्या दोघांनी शेवटी मूल न आणता बोट विकत घेतली. गाव जाम चिडलं. ओमेरने तिकिटाचे पैसे परत मागितले. गोडेलीव्हने मोतीबिंदू काढून घेतला होता. पडद्यावर मौरिट्सला स्पष्ट बघून ती म्हणाली, "ई, हा तर मोनसारखा मुळीच दिसत नाही. मी काय आंधळी होते?"

खरे मोन आणि बावो मात्र सहा शनिवार संस्थेच्या शिकवणीला गेले, डेकोनिंक बाई आणखी चार वेळा येऊन गेल्या, आणि सिनेमा येण्याआधीच्या जूनमध्ये येट आली. सात वर्षांची, दोन पिशव्या आणि कपाळावर एक जुनी खोक. किती दिवस राहील ते कुणालाच सांगता येत नव्हतं. कदाचित वर्ष, कदाचित अठराची होईपर्यंत. तिची आई बरी होण्यावर ते होतं.

येटला बावो आवडला. दुसऱ्याच दिवशी ती त्याच्यामागे घरभर फिरू लागली. तो बोलला की ओठ दाबून धरायची, हसू बाहेर पडू नये म्हणून. मोनला ती "अहो" म्हणायची. मोनने हे होणार म्हणून आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे त्याला एक प्रकारे समाधानही वाटलं. मग तो शेडमध्ये गेला आणि जरा वेळ तिथेच राहिला.

एक अडचण होती. येट बूट काढायची नाही. अंघोळीपुरते काढायची, नजर त्यांच्यावर ठेवून, आणि लगेच पुन्हा घालायची. झोपायलाही बूट घालूनच. डेकोनिंक बाई म्हणाल्या, मागे लागू नका. बावोने बुटांवर तीन गाणी रचली, एकही चाललं नाही.

चौथ्या दिवशी रात्री आठ वाजता, जूनच्या लांब दिवसामुळे बाहेर अजून लख्ख ऊन असताना, येट पाणी मागायला त्यांच्या खोलीच्या दारात आली आणि तिथेच थबकली. मोन पांघरूण घेऊन पडला होता आणि दुसऱ्या टोकाला शेतातले रबरी बूट बाहेर आले होते.

"अहो, तुम्ही बूट घालून का झोपलात?"

"तू का झोपतेस?"

"मला कधीही जावं लागतं," येट म्हणाली. "मग शोधत बसायला वेळ नसतो."

"तेच," मोन म्हणाला. "तू निघालीस तर मला यावं लागेल. वाटेत कालवा आहे."

येटने बाजूला झोपलेल्या बावोकडे बोट दाखवलं. "आणि तो?"

बावोने पांघरूण वर केलं. त्याने बँडच्या गणवेशाचे चकचकीत काळे बूट घातले होते. "मला कुणी काही सांगितलं नाही," तो म्हणाला. "पण मी मागे राहणार नाही."

नऊ दिवस तिघे बूट घालून झोपले. चादरी चिखलाने भरल्या. गोडेलीव्हने त्या धुवायला नेल्या आणि काही विचारलं नाही. हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं. दहाव्या दिवशी येट मोनच्या बाजूने पलंगाशी येऊन उभी राहिली.

"तुमच्या बुटांचा वास माझ्या खोलीपर्यंत येतो."

"मग काय करू?"

"काढा."

"तू काढणार?"

तिने आधी त्याचे बूट बघितले, मग स्वतःचे. "एक," ती म्हणाली. "तुम्ही एक, मी एक. आणि त्याने दोन्ही काढले तरी चालतील, तो काही फार लांब धावू शकणार नाही."

मोनने डाव्या पायातला बूट ओढून काढला. येट जमिनीवर बसली आणि आपल्या डाव्या बुटाच्या नाडीची गाठ सोडू लागली. गाठ बसली होती घट्ट. मोन खाली वाकला, तेव्हा तिने पाय मागे घेतला.

"मी करते," ती म्हणाली. "तुम्ही फक्त धरा, हे टोक."

मोनने टोक धरलं.